कोणाचा फोन आलाय ते भिंतीवर दिसायला हवं: एलईडीची छोटी मॅक्स७२१९ पट्टी घ्यायची की मोठं पी१० पॅनल?

बाबांना ऐकू कमी येतं. मोबाईल टेबलावर थरथरत राहतो आणि ते शेजारीच पेपर वाचत बसलेले असतात, म्हणून फोन आला की नाव झळकेल असा एलईडी बोर्ड घरी केला, तोही दोनदा, त्यामुळे सामान आणायच्या आधी एवढं वाचा.

पहिलं नंबर कुठून मिळणार ते ठरवा, एलईडीचं नंतर बघू. बरेच जण सिम८००एल घेतात, म्हणजे सिम घालून फोन घेणारं छोटं मॉड्यूल, एटी+सीएलआयपी=१ कमांड दिली की रिंगसोबत नंबर येतो, सोपंय. पण त्याला वेगळं सिम लागतं, म्हणजे फोन त्या मॉड्यूलवर येणार, बाबांच्या हातातल्या मोबाईलवर नाही! शिवाय फक्त २जी, जिओ चालतच नाही, आणि करंट क्षणभर २ अँपिअरपर्यंत उसळतो. माझं तर रिंग आली की रीस्टार्ट व्हायचं, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अगदी पिनांना चिकटवून लावला तेव्हा कुठे थांबलं.

त्यापेक्षा ईएसपी३२ हा ब्लूटूथवाला छोटा कंट्रोलर बोर्ड बाबांच्या मोबाईलला हँड्सफ्री म्हणून जोडा, फोन स्वतःच नंबर पाठवतो, ॲप नको, ब्लूटूथवाला बटणांचा साधा फोनही चालतो. फक्त जुना मूळ ईएसपी३२ घ्या, त्याच्या नव्या एस३ किंवा सी३ मध्ये हँड्सफ्रीला लागणारं क्लासिक ब्लूटूथ नाहीये. आणि कॉल उचलला की आवाज बोर्डाकडे जायला नको, म्हणून कोडमध्ये तेव्हाच कनेक्शन तोडायचं. आलेला नंबर आपल्या नावांच्या यादीशी जुळवताना शेवटचे १० आकडेच बघा, कारण कधी +९१ लागून येतो कधी नाही.

आता डिस्प्ले. मॅक्स७२१९ ची चार ठोकळ्यांची पट्टी ३२ बाय ८, जेमतेम १३ सेंटिमीटर, स्वस्त, तीन डेटा वायरींत काम, २ अँपिअरचा चार्जर पुरतो. इंग्रजी अक्षरं छान दिसतात. पण मराठी? आठ ओळींत शिरोरेषा, वर अनुस्वार, खाली उकार, जागाच उरत नाही, मी "सुनंदा" लिहिलं तर सु चा उकार खाली कापला गेला आणि बाबा म्हणाले, हे काय सनंदा?

पी१० पॅनल ३२ बाय १६, दोन जोडले की ६४ सेंटिमीटर रुंद, हॉलच्या टोकावरून वाचता येतं. ५ व्होल्टची दणकट सप्लाय लागते आणि मधे ७४एचसीटी२४५ ही सिग्नल ५ व्होल्टला चढवणारी चिप लावा, कारण ईएसपीचे सिग्नल ३.३ व्होल्टचे. जोडाक्षरं मात्र आपोआप जुळत नाहीत, म्हणून मी नावं कॉम्प्युटरवर चित्र म्हणून बनवली, दोन पॅनलला एका नावाचे १२८ बाइट, पंधरा-वीस माणसं सहज मावतात.

उशाशी ठेवायचं असेल आणि इंग्रजी चालत असेल तर मॅक्स७२१९ च घ्या. घरातल्या मोठ्यांसाठी करताय तर पी१०, ब्राइटनेस मात्र अगदी कमी ठेवा, हे पॅनल दुकानांच्या पाट्यांसाठीचे असतात, घरात डोळे दिपतात.