पैसे भरून ब्लॉगची नोंदणी आणि प्रमोशन : नऊ महिन्यांचा अनुभव

मी बदलापूरला राहते आणि रानभाज्यांवर मराठीत ब्लॉग लिहिते. शेवळं, टाकळा, फोडशी, कुरडू, भारंगी. भाजी ओळखायची कशी, निवडायची कशी, खाजरी असेल तर काय घालायचं, हे सगळं त्यात आहे. ही माहिती माझ्या एकटीची नाही. पावसाळ्यात स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसणाऱ्या ठाकर आणि कातकरी बायकांना आठ वर्षं विचारत विचारत ती गोळा केली आहे. ती जास्त लोकांपर्यंत पोचावी म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये मी एका ब्लॉग डिरेक्टरीचं (म्हणजे ब्लॉगांची यादी ठेवणाऱ्या साइटचं) सहा महिन्यांचं प्रमोशन पॅकेज घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून अर्धी बाकी आहे. पण तेव्हा पाहिलेल्या बाकीच्या जाहिरातींतही साधारण हीच आश्वासनं होती, त्यामुळे अनुभव उपयोगी पडेल.

डिरेक्टरीवर विश्वास बसायला कारण होतं. २००८-१०च्या सुमारास मराठी ब्लॉगांच्या याद्या असायच्या, त्याही फुकट. ब्लॉगच्या कडेला त्यांचं चिन्ह लावलं की नवा लेख तिकडे दिसायचा आणि खरोखर माणसं यायची. मी तेव्हा नुसती वाचक होते आणि कितीतरी ब्लॉग मला तसेच सापडले. तो काळ संपला हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. याहूची डिरेक्टरी, जिथे नोंदीसाठी वर्षाला २९९ डॉलर घेत, ती २०१४ च्या अखेरीस बंद झाली. माणसांनी हाताने सांभाळलेली डीमॉझ ही डिरेक्टरी २०१७ च्या मार्चमध्ये गेली. लोक थेट शोधायला लागले तेव्हा यादी चाळायला कुणी उरलं नाही.

जाहिरातीत किंमत २,९९९ रुपये होती. १८ टक्के जीएसटी शेवटच्या पानावर लागला आणि ३,५३८ रुपये ८२ पैसे गेले. त्या बदल्यात २०० डिरेक्टऱ्यांत नोंद, महिन्याला १०,००० वाचक, गुगलवर वरचा क्रमांक आणि समाधान न झाल्यास पैसे परत, असं लिहिलं होतं.

मार्चमध्ये त्यांच्या डॅशबोर्डवर ११,४०० वाचक दिसले. मला मनापासून आनंद झाला. ब्लॉगवर कोण कुठून आलं हे मोजणारं माझं स्वतःचं गुगल अ‍ॅनालिटिक्स उघडून गावांची यादी पाहिली, तर सगळ्यात वर अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया. ते वॉशिंग्टनजवळ आहे आणि त्या भागात मराठी माणसं पुष्कळ आहेत. वाटलं, तिथल्या एखाद्या ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकली असेल, परदेशात राहून कुणाला तरी शेवळांची आठवण आली असेल. मग खाली बोर्डमन, ऑरेगन दिसलं. बोर्डमन हे कोलंबिया नदीकाठचं काही हजार वस्तीचं गाव आहे. तिथून एका रात्रीत सहाशे माणसं मराठी ब्लॉग वाचायला येत नाहीत. या दोन्ही ठिकाणी मोठमोठी डेटा सेंटरं, म्हणजे हजारो संगणकांची केंद्रं आहेत आणि तिथून अशी एकदम येणारी गर्दी बहुतेक वेळा बॉटची, म्हणजे आपोआप पानं उघडणाऱ्या प्रोग्रामची असते. भेटींची सरासरी वेळ पाहिली तर एक सेकंद. दहा सेकंदांहून जास्त थांबलेली किंवा दोन पानं उघडलेली भेट अ‍ॅनालिटिक्समध्ये 'एंगेज्ड' धरतात. त्या महिन्यात तशा भेटी २१२ होत्या आणि त्या जवळजवळ सगळ्या ठाणे, मुंबई, पुणे, नाशिकच्या. म्हणजे माझे नेहमीचेच वाचक.

ज्यांच्या ब्लॉगवर गुगलच्या अ‍ॅडसेन्सच्या जाहिराती आहेत त्यांनी इथे जास्त जपावं. अशी खोटी वर्दळ आली तर ती कुठून आणली याची जबाबदारी गुगल ब्लॉगवाल्यावर टाकतं आणि खातं बंदही होऊ शकतं. माझ्याकडे जाहिराती नाहीत म्हणून मी वाचले.

नोंदींचं सांगायचं तर २०० पैकी ६३ पानं मला प्रत्यक्ष उघडता आली, बाकीची बंद होती किंवा त्यांच्यावर माझं नाव नव्हतं. उघडलेल्यांपैकी बऱ्याच ठिकाणी माझ्या ब्लॉगच्या वर-खाली सट्ट्याची अ‍ॅप आणि झटपट कर्जवाले होते. त्यांच्या मुख्य डिरेक्टरीत मराठी विभागच नाही. लिपी देवनागरी आहे म्हणून ब्लॉग हिंदीत टाकला. आठ वर्षं मराठीत लिहिलेलं कुणीतरी न वाचता हिंदीत ढकलून देतं, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं.

'डोमेन ऑथॉरिटी ८ वरून १४ वर गेली' असा ईमेल दर महिन्याला यायचा. हा आकडा, म्हणजे साइट शोधात किती वर येऊ शकेल याचा अंदाज, मॉझ नावाच्या कंपनीचा आहे, गुगल तो वापरत नाही. उलट क्रमांक वाढवण्यासाठी पैसे देऊन दुसऱ्या साइटींवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका घेणं गुगलच्या नियमांत बसत नाही. गुगलने शोधपद्धतीत २०१२ मध्ये केलेला 'पेंग्विन' बदल अशाच लिंकांसाठी होता, आणि पैसे घेऊन दिलेल्या लिंकवर तशी खूण करता यावी म्हणून २०१९ मध्ये 'स्पॉन्सर्ड' हा वेगळा गुणधर्मही आला. माझ्या ६३ पैकी एकाही लिंकवर अशी खूण नव्हती. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गुगलवर आपली साइट कशी दिसते हे सांगणाऱ्या गुगलच्याच साधनात, माझ्याविरुद्ध काही कारवाई दिसली नाही, म्हणून लिंका नाकारायच्या साधनाला मी हात लावला नाही. बहुतेकांना त्याची गरज नसते, असं गुगलच सांगतं.

आता जूनच्या अहवालाबद्दल. तो वाचून मी तक्रार करायचं ठरवलं. त्यात लिहिलं होतं की मेच्या शेवटच्या आठवड्यापासून गुगलवरून येणारे वाचक तिपटीने वाढले आणि हे त्यांच्या लिंकांमुळे झालं. वाढ खरी होती, मी स्वतः सर्च कन्सोलमध्ये पाहिली. पण लोकांनी काय शोधलं होतं? 'शेवळं कशी साफ करायची', 'शेवळांत काकडं का घालतात' (काकडं म्हणजे खाज मारणारी आंबट फळं), 'टाकळा भाजी'. शेवळाचा कोंब पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येतो, पान नंतर. दोन-तीन आठवडे बाजारात असतो आणि संपतो. तेवढ्या दिवसांत ज्यांनी जुडी विकत घेतली आहे आणि खाजेची भीती वाटते आहे, ते सगळे फोनवर शोधतात. माझ्या ब्लॉगवर दर वर्षी हेच होतं.

सर्च कन्सोल सोळा महिन्यांची माहिती ठेवतं, म्हणून मागच्या वर्षाशी ताडून पाहिलं. २०२४ मध्ये मुंबईत मोसमी पाऊस ९ जूनला आला आणि माझा आलेख जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चढला होता. २०२५ मध्ये पाऊस २६ मेलाच येऊन ठेपला, इतका लवकर की शेवळं विकणाऱ्या मावशीही म्हणत होत्या, यंदा घाई झाली. आलेख तेवढेच दिवस आधी चढला. चढाची उंचीही जवळजवळ तीच होती. पावसाचं काम त्यांनी स्वतःच्या नावावर लावलं होतं. ज्यांचा ब्लॉग सणांवर, परीक्षांवर किंवा शेतीवर आहे त्यांनी असा अहवाल आला की मे ची तुलना एप्रिलशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच हंगामाशी करावी.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. नोंदणी करताना ब्लॉगची फीड (नवे लेख आपोआप दुसरीकडे पोचवणारी सोय) जोडायला सांगतात. त्यातून माझे लेख संपूर्ण, फोटोंसकट, त्यांच्या साइटवर छापले जात होते. 'फोडशी की कुळी' शोधल्यावर काही दिवस त्यांची प्रत माझ्या लेखाच्या वर येत होती. त्या लेखात ज्या दोघींनी मला फोडशी निवडून दाखवली त्यांचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात होता. त्यांच्या प्रतीत तो परिच्छेद कापून तिथे जाहिरात लावली होती. गुगलच्या 'ब्लॉगर' सेवेच्या सेटिंगमध्ये साइट फीड 'पूर्ण' ऐवजी 'लहान' करता येते. ते केल्यावर नवे लेख जाणं थांबलं. जुने काढून घ्यायला पाच ईमेल लागले.

सहा महिने संपल्यावर आपण होऊन बंद होईल असं मी धरून चालले होते. पैसे भरताना यूपीआय ऑटोपेची परवानगी दिली गेली होती, 'नूतनीकरण' हा शब्द बारीक अक्षरांत होता. नियमाप्रमाणे पैसे कापण्याआधी २४ तास सूचना यावी लागते, ती आलीही, ९ ऑगस्टला. त्या दिवशी राखी पौर्णिमा होती, घर पाहुण्यांनी भरलेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ३,५३८ रुपये ८२ पैसे गेले. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा वजावटीला दर वेळी पिन मागत नाहीत. आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी असते आणि तिथून परवानगी कधीही रद्द करता येते. कंपनीला विचारावं लागत नाही. हे मी त्या दिवशी शिकले आणि लगेच रद्द केली.

'पैसे परत'ची अट तेव्हा सापडली. महिन्याला किमान बारा नवे लेख टाकले असतील तरच. रानभाज्या चार महिन्यांच्या असतात, मी उन्हाळ्यात बारा लेख कशावर लिहिणार? चॅटवर प्रत्येक वेळी नवं माणूस यायचं आणि मला पहिल्यापासून सांगायला लावायचं. शेवटी ईमेलने तक्रार केली आणि त्यात २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा उल्लेख केला. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, असं त्यात आहे. पोच आली, निवारण आलं नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलता आलं, बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं. दोन्ही आलेख, पावती आणि कापलेल्या परिच्छेदाचे स्क्रीनशॉट जोडले. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती तक्रार कंपनीकडे पोचवते आणि पाठपुरावा करते. एवढ्यानेही तीन आठवड्यांत ऑगस्टचे पैसे परत आले. फेब्रुवारीचे द्यायला त्यांनी नकार दिला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे ठाण्याला अर्ज करायची तयारी चालू आहे.

चांगलं काहीच नव्हतं असं म्हणणार नाही. सुरुवातीच्या तपासणीत त्यांनी सांगितलं की माझ्या बहुतेक लेखांना वर्णन नाही आणि मोबाइलवर फोटो फार उशिरा उघडतात. दोन्ही खरं होतं, दुरुस्त केलं. आणि ६३ पैकी एक यादी, खाद्यपदार्थांच्या ब्लॉगांची, कुणीतरी वाचून बनवलेली होती. तिथून सहा महिन्यांत ४१ माणसं आली आणि थांबून वाचून गेली. त्या यादीत नोंद फुकट होते, हे नंतर कळलं.

माझ्या मते या पॅकेजला ५ पैकी १. जे वाचक खरंच वाढले ते दुसऱ्या कामाने. लेखाच्या मथळ्यात शेवळं, शेवळा, शेवळी अशी गावोगावची नावं घातली, प्रत्येक भाजीचा कोवळा आणि जून असे दोन फोटो लावले, आणि ऑगस्टमध्ये कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवात भेटलेल्या बचत गटांच्या बायकांना त्यांच्या भाजीची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. त्यांनी ती पुढे पाठवली, दोन ठिकाणी माझी चूकही दाखवली, तीही सुधारली.

ब्लॉग अजून त्यांच्या हिंदी विभागातच आहे. नोंद पूर्ण काढून टाका असा चौथा ईमेल ३ नोव्हेंबरला पाठवला आहे. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.