एक लिटर टर्बो पेट्रोल, वर्षभर वापरल्यावर: पाऊण लाखाचं कोटेशन आणि दुसरा गिअर

लिहायला बसायचं कारण म्हणजे सर्व्हिस सेंटरने हातात ठेवलेलं कोटेशन. टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, त्याची असेंब्ली, गास्केट, तेल, मजुरी मिळून आकडा पाऊण लाखाच्या वर. गाडी सेकंड हँड, वॉरंटी संपलेली, म्हणजे सगळं आपल्याच खिशातून. कंपनीचं नाव लिहीत नाही. एक लिटर, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल, मॅन्युअल, चार मीटरच्या आतली. या वर्णनाच्या गाड्या बाजारात बऱ्याच आहेत. सनरूफ, टचस्क्रीन वगैरे तुम्हाला पाठ असेलच.

झालं असं की वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात चेक इंजिनचा दिवा लागला, बॉनेटखालून ‘सूंऽऽ’ असा आवाज यायला लागला आणि गाडी ओढेना. एसी बंद करून, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रडत-खडत वर नेली. नंतर साताऱ्यात स्कॅनर लावला तर कोड आला पी-०२९९.

अॅडव्हायझर म्हणाला, "सर, टर्बो गेलाय."

"उघडून बघितला का?"

"सर, कोडच आलाय ना."

आता हा कोड एवढंच सांगतो की टर्बोकडून जितका हवेचा दाब यायला पाहिजे तितका येत नाही. का येत नाही, ते सांगत नाही. टर्बोचं चाक खराब झालेलं असेल, वेस्टगेट, म्हणजे जादा धूर बाजूला काढणारी झडप, अडकलेलं असेल, सेन्सर बिघडलेला असेल, नाहीतर दाबलेली हवा वाटेतच कुठेतरी गळत असेल. हे बोलून दाखवलं तर मॅनेजर येऊन म्हणतो, दुरुस्ती नाकारली असं लिहून द्या. दिलं लिहून. वर तपासणीचे पैसेही मोजून घेतले. तो राग अजून उतरलेला नाही.

गाडी एमआयडीसीतल्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली. आम्ही त्यांना मामाच म्हणतो. सगळी हयात डिझेलवर गेलेली. त्यांनी स्कॅनरकडे बघितलंसुद्धा नाही. हवा आत घेणाऱ्या पाइपचं तोंड बंद केलं, कॉम्प्रेसरची हवा बेताने सोडली आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारलं. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून निघणाऱ्या रबरी पाइपच्या तोंडाशी फेस आला. क्लॅम्प सैल, पाइपला बारीक चीर. दोन्ही बदलून जे बिल झालं ते सर्व्हिस सेंटरच्या तपासणीपेक्षा कमी होतं. मामा हात पुसत म्हणाले, "टर्बो काय आज आलाय काय? डिझेलला जन्मभर हेच केलं की."

बरोबरच आहे. टर्बो पेट्रोलची धास्ती घेणाऱ्या कितीतरी घरांनी आधी १.३ लिटर डिझेल चालवलेलं आहे. फियाटचं मल्टिजेट, १२४८ सीसी. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, सगळीकडे तेच आणि सगळीकडे टर्बोसहित. माझी आधीची गाडी तीच. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले, मारुतीने डिझेल बंद केलं आणि आमच्यासारखे लोक पर्याय शोधत टर्बो पेट्रोलच्या दारात आले.

आणि आल्या आल्या मला भेटला दुसरा गिअर.

सातारा-रहिमतपूर रस्त्यावर ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना गावोगावचे गतिरोधक माहीत आहेत. वेग दहा-बारावर येतो, आपण दुसरा टाकतो, अॅक्सिलरेटर देतो. काही होत नाही. अजून देतो, तरी काही नाही. मग आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा १८०० च्या आसपास गेला की एकदम पाठीत धक्का, आणि तोवर पुढचा गतिरोधक आलेला असतो. पहिला टाकावा तर गाडी उचक्या देते. जुनं डिझेलही खाली आळशीच होतं, पण ओढून न्यायचं. इथे हाफ क्लच देऊन देऊन डावा पाय दुखतो. यावर मी इतकं बोललो आहे की बायको गाडीत बसल्या बसल्या म्हणते, "अहो, आज दुसरं काहीतरी बोला."

कारण साधं आहे. टर्बो फिरतो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर. जोरात असताना त्याचं चाक मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जातं. पण खालच्या आरपीएमला धूरच पुरेसा नसतो, आणि तोपर्यंत तुमच्याकडे फक्त एक लिटरचं इंजिन असतं, तेही कॉम्प्रेशन थोडं कमी ठेवलेलं, कारण पुढे दाबलेली हवा आली की नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोठावणं) होऊ द्यायचं नसतं. ब्रोशरमध्ये टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, १५०० आरपीएमपासून लिहिलेला असतो. तो आकडा खोटा नाही, पण अॅक्सिलरेटर दाबून धरून टर्बो जागा झाल्यानंतरचा आहे. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलातून ताकद पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर असेल तर ही उणीव बरीच झाकली जाते. मॅन्युअलवाल्याने काय करायचं?

पहिले काही महिने जो विचारेल त्याला सांगत होतो की गावात चालवणार असाल तर घेऊ नका. आता तेवढं ठामपणे सांगत नाही. पाइप बदलल्यावर महाबळेश्वरला पूर्ण भरलेली गाडी नेली. उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास. साध्या इंजिनाची ताकद हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी उतरते, कारण हवा विरळ होते. टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो. त्या घाटात तिसऱ्यात, एसी लावून, बसच्या मागून सुटून पुढे जाताना जे पिकअप मिळालं ते डिझेललाही नव्हतं. खंबाटकीलाही तेच.

दुसरं म्हणजे मामांनी एक सवय लावली: आरपीएम पडलेला असताना वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबायचा नाही, सरळ खालचा टाकायचा. नंतर वाचलं तर यामागे मोठं कारण निघालं. डायरेक्ट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो पेट्रोलमध्ये कमी आरपीएम आणि जास्त भार एकत्र आले की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, आणि तो दणका पिस्टन फोडण्याइतका असू शकतो. तेलातल्या रसायनांचाही त्यात हात असतो, म्हणून एपीआय या अमेरिकेतल्या तेल उद्योगाच्या संस्थेने २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हे तेलाचे दर्जे आणले. त्यामुळे तेलाच्या डब्यावर एसपी लिहिलेलं आणि ग्रेड मॅन्युअलमधलीच, एवढं बघा. ड्रममधून ओतलेलं ‘इंजिन ऑइल’ घेऊ नका, डबा समोर फोडायला लावा. मी इतर ठिकाणी पैसे वाचवणारा माणूस आहे, इथे वाचवत नाही.

अॅव्हरेज: गावात बारा-तेरा. हायवेला नव्वदने चालवली तर सतरा-अठरा, एकशेवीसने चौदाच्या खाली. कागदावरचा आकडा ज्या चाचणीत काढतात तिच्यात वेग ९० च्या पुढे जातच नाही, म्हणजे टर्बोला घाम फुटायच्या आत परीक्षा संपते. इथेनॉलचंही धरा. त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे ई-२० ला (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) हिशेबाने सहा-सात टक्के फटका. पण इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखायची ताकद, चांगला, आणि बाष्प होताना ते हवा थंड करतं, जे टर्बोला मानवतं. आपल्याच उसाचं असल्याने तक्रार तरी कुणाकडे करणार!

आता लोक विचारतात, टर्बोला पुढे भविष्य आहे का. माझ्या मते छोट्या गाडीतला टर्बो ही निम्मी करपुस्तकाची करामत आहे. २००६ पासून चार मीटर आणि पेट्रोलला १२०० सीसी ही रेघ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या आत जीएसटी १८ टक्के, बाहेर ४०. एवढी दरी असल्यावर कुठली कंपनी दीड लिटरचं सुखी इंजिन छोट्या गाडीत घालेल? बाराशेच्या आत राहून ताकद हवी तर हवा दाबूनच भरावी लागणार. ही रेघ आहे तोवर टर्बो आहे.

माझ्या दुसऱ्या गिअरवर इलाजही निघालेला आहे. २०२२ मध्ये मर्सिडीज-एएमजीने टर्बोच्या दांड्यावरच छोटी विजेची मोटर बसवली. धूर यायची वाट न बघता मोटर चाक फिरवते. पण त्याला ४८ व्होल्टची यंत्रणा लागते. आणि एवढा खर्च करायचाच तर मोटर टर्बोला कशाला, थेट चाकांना का नको? टोयोटाची हायरायडर आणि होंडा सिटीचं हायब्रिड, दोन्ही २०२२ चीच, नेमकं तेच करतात: दीड लिटरचं बिनटर्बोचं इंजिन आणि शून्य आरपीएमपासून टॉर्क देणारी मोटर. गतिरोधकावरून उठताना त्यांना धुराची गरजच नाही. हायब्रिडची किंमत खाली आली की छोट्या टर्बोची अडचण सुरू होईल, विजेच्या गाड्यांच्याही आधी.

बाकी यंत्र चांगलं असून हाताळणीने वाया जातं हे जुनंच आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर टर्बोसहित आली. नॉकिंग टाळायला तिच्या एका वेगळ्या टाकीत पाणी-मिथेनॉलचं मिश्रण भरत राहावं लागे. मालक भरायचे नाहीत. शेवटी १९६५ मध्ये कंपनीने टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे मालक पैसे भरायला तयार आहे, पण स्कॅनरच्या पुढे बघणारा माणूस सर्व्हिस सेंटरला मिळत नाही.

मामेभाऊ गाडी घेतोय. ऑफिस तीन किलोमीटरवर, महिन्याला फार तर एकदा पुण्याला. एवढ्या छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतही नाही, म्हणून त्याला साधं बाराशे सीसी घ्यायला सांगितलं. त्याने काल टर्बो बुक केली. रंग आवडला म्हणे.