सबडक्शनचं वर्किंग मॉडेल घ्यावं का? घ्या, पण हँडल आणि तो लाल रंग…

पृथ्वीच्या वरच्या खडकाळ थराचे तुकडे, म्हणजे प्लेट्स, एकमेकींवर आदळतात आणि एक दुसरीखाली जाते (हेच सबडक्शन) तेव्हा नेमकं काय होतं हे मुलांना डोळ्यांसमोर दाखवता यावं म्हणून हे टेबलावर ठेवायचं मॉडेल घेतलं. पारदर्शक पेटी आहे, हँडल फिरवलं की काळा रबरी पट्टा, म्हणजे महासागरी प्लेट, सरकत येतो आणि फोमच्या जाड ठोकळ्याखाली, म्हणजे खंडाखाली, वाकून जातो. सोबत रंगीत वाळूचे थर भरायचा वेगळा ट्रे येतो. पाचपैकी चार स्टार.

चारातले तीन तर नुसत्या त्या फोमच्या टोकाला. ते टोक पट्ट्याला घट्ट चिकटून राहतं, हँडल अगदी सावकाश फिरवलं की टोक पट्ट्याबरोबर खाली ओढलं जातं, मागे फोमला फुगवटा येतो, बराच वेळ काहीच होत नाही आणि मग एकदम सटकन टोक सुटून वर येतं आणि मागचा फुगवटा खाली बसतो. मोठा भूकंप असाच होतो हो! २०११ मध्ये जपानच्या तोहोकूला ट्रेंचजवळ, म्हणजे प्लेट खाली वाकते तिथल्या समुद्रतळाच्या खोल चरीजवळ, प्लेट जवळपास ५० मीटर सरकली, समुद्राचा तळ उचलला गेला, त्याने वरचं सगळं पाणी उचललं आणि त्सुनामी आली, आणि किनाऱ्यावरची जमीन मात्र काही ठिकाणी मीटरभर खचली. वर येणं आणि खचणं एकाच झटक्यात कसं होतं हे चित्रात कितीही बाण काढले तरी कळत नाही, इथे बघताक्षणी कळतं.

आता तक्रार. हँडल मागच्या बाजूला आहे, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की प्लेट मागून ढकलली जाते म्हणून खाली घुसते. खरं कारण मुख्यतः उलट आहे, बुडालेला भागच मागच्या प्लेटला ओढतो. महासागरी प्लेट जितकी जुनी तितकी थंड, जाड आणि जड, खाली गेल्यावर दाबाने तिच्यातला बेसॉल्ट खडक बदलून एक्लोजाइट नावाचा खडक होतो जो आजूबाजूच्या मँटलपेक्षाही (कवचाखालच्या जाड थरापेक्षाही) जड, मग टेबलावरून लोंबणारी चादर जशी बाकीची चादर ओढून नेते तसंच होतं. या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे आणि मॉडेलमध्ये नेमकी तीच नाही.

पट्टा खाली जायचा कोनही बदलता येत नाही. मारियानाला १५ कोटी वर्षांहून जुनी प्लेट जवळजवळ उभी खाली जाते, तिथली ट्रेंच सुमारे ११ किलोमीटर खोल. चिलीखाली नाझ्का प्लेट त्या मानाने तरुण, ती तिरकी जाते, वरच्या प्लेटला लांबवर घासत जाते, आणि १९६० चा ९.५ तीव्रतेचा भूकंप तिथलाच, आजवर मोजलेला सगळ्यात मोठा.

आणि तो लाल रंग! पेटीचा तळ लाव्हाच्या तळ्यासारखा लालभडक केलाय, माहितीपत्रकात लिहिलंय की प्लेट त्यात वितळते आणि ज्वालामुखी होतो. मँटल म्हणजे घन खडक आहे, फक्त लाखो वर्षांत हळूहळू वाहतो. प्लेट तर थंडच असते, शेकडो किलोमीटर घन अवस्थेतच जाते, म्हणून तर ७०० किलोमीटरपर्यंत भूकंप होतात. साधारण १०० किलोमीटर खोलीवर तिच्या खनिजांमधलं पाणी बाहेर पडतं, ते वरच्या गरम मँटलमध्ये शिरलं की त्या खडकाचा वितळणबिंदू खाली येतो, मॅग्मा तिथे बनतो. ज्वालामुखींची रांग ट्रेंचवर नसून आत लांबवर असते ती यामुळेच.

वाळूचा ट्रे मस्त आहे. भिंत हळू सरकवली की थर आधी वाकतात, मग तुटून एकमेकांवर चढतात, कारण दोन्हीकडे हलका खंडीय खडक असला की कोणीच नीट बुडत नाही. भारत आणि आशियाच्या मध्ये टेथिस समुद्र होता, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी टक्कर सुरू झाली आणि आज एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रात तयार झालेला चुनखडक आहे. वाळू कोरडी हवी, दमट असली तर थर नीट घसरत नाहीत.

शाळेसाठी, क्लाससाठी नक्की घ्या. लाल शीट निघते, मी काढून राखाडी कागद लावलाय. बनवणाऱ्यांना एकच विनंती, पुढच्या मॉडेलमध्ये हँडल काढा आणि पट्ट्याच्या खालच्या टोकाला वजन लावायची सोय करा.