कंपासपेटीतून सूर्यफूल: काही महिन्यांच्या वापरानंतर

शाळेची कंपासपेटी, ३६० अंशांचं गोल कोनमापक आणि जाड पुठ्ठ्याची एक पट्टी. एवढ्या साहित्यावर मधाचं पोळं, सदाफुली आणि बियांनी गच्च भरलेलं सूर्यफूल, तिन्ही नेटकी निघतात. आकृती बिघडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: आधीच्या मापाच्या टोकावरून पुढचं माप घेत गेलं की बारीकसारीक चुका साठत जातात.

पेटीतल्या कर्कटकाचा सांधा वापराने ढिला होतो आणि वर्तुळाची दोन टोकं जुळत नाहीत. स्क्रू आवळून थोडे दिवस निभतं. जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर मध्ये स्क्रूचं चाक असलेल्या कर्कटकावर घाला, बाकी साहित्य साधंच चालतं. शिसं २एचचं घ्या आणि बाहेरच्या अंगाने पॉलिश पेपरवर तिरपं घासा. सुई शिशापेक्षा जेमतेम १ मिमी पुढे हवी. कागदाखाली पुठ्ठा ठेवा आणि केंद्राच्या जागी मागून सेलोटेपचा तुकडा लावा, नाहीतर भोक रुंदावून केंद्रच सरकतं.

पोळ्याच्या षटकोनासाठी परिघावर त्रिज्येएवढे सहा टप्पे मारायला शाळेत शिकवतात. टप्प्यामागे पाव मिमी चुकलं तरी शेवटी दीड मिमीहून मोठी फट राहते. त्यापेक्षा व्यास आखा आणि त्याच्या दोन्ही टोकांवरून त्रिज्येएवढे कंस मारा. उरलेले चारही बिंदू थेट मिळतात. सदाफुलीच्या पाच पाकळ्यांना ५ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळात पंचकोनाची बाजू ५.८८ सेंमी येते. इथेही सुरुवातीच्या बिंदूवरून डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन खुणा करा, एकाच दिशेने पाच नकोत.

खरी गंमत सूर्यफुलात आहे. प्रत्येक बी आधीच्या बीपासून १३७.५ अंश वळते आणि केंद्रापासूनचं अंतर बीच्या क्रमांकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. हे सूत्र जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट फोगेल यांनी १९७९ मध्ये मांडलं. वर्गमूळ यासाठी की प्रत्येक बीच्या वाट्याला सारखंच क्षेत्रफळ येतं. अंतर सरळ समान वाढवलं तर मध्ये गर्दी होते आणि कडेला विरळ पडतं.

१३७.५ अंश पुन्हापुन्हा मोजत बसू नका. ८.५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढून त्यावर दर २.५ अंशांना एक अशा १४४ खुणा करा आणि त्यांना ० ते १४३ आकडे द्या. १३७.५ म्हणजे बरोबर ५५ खुणा. म्हणून पहिली बी ५५ वर, दुसरी ११० वर, तिसरी १६५ वजा १४४ म्हणजे २१ वर. चूक साठायला जागाच उरत नाही. मोजणी तपासायची तर २१वी बी ३ वर, ३४वी १४२ वर आणि ५५वी १ वर यायला हवी. १४४वी शून्यावर येते. तिथेच थांबा, पुढे दिशा पुन्हा त्याच येतात.

स्वस्त कोनमापकाचं केंद्र कधीकधी किंचित सरकलेलं असतं. १४४ खुणा करण्याआधी दोन-चार कच्च्या खुणा करून ते १८० अंश फिरवून पाहा. कच्च्या खुणांशी जुळलं नाही तर बदला. सोपं म्हणून १३७ अंश घेऊ नका. अर्ध्या अंशाच्या फरकाने कडेला २१ सुटे दांडे दिसू लागतात आणि मध्ये मोकळ्या फटी पडतात.

अंतरांसाठी पुठ्ठ्याची पट्टी केंद्रावर टाचणीने फिरती ठेवा. भोक पट्टीच्या कडेच्या रेषेतच हवं, त्यासाठी तिथे पुठ्ठ्याचं छोटं कान सोडा. पट्टीच्या कडेवर भोकापासून मोजून बीच्या क्रमांकांच्या खुणा करा: १ ला ६ मिमी, ४ ला १२, ९ ला १८, असं करत १४४ ला ७२ मिमी. मग पट्टीची कड त्या बीच्या वर्तुळावरच्या खुणेला लावून तिच्या क्रमांकापाशी ठिपका द्या. पंचविसापुढे मधल्या खुणा समान भागांत वाटल्या तरी फरक डोळ्याला कळत नाही. त्याआधीच्या मात्र कॅल्क्युलेटरवर काढा: २ ला ८.५, ३ ला १०.४. एवढं मोठं फूल ए-४ कागदावर आरामात मावतं.

बियांसाठी ८ मिमी व्यासाचे गोल घ्या, एकमेकांना चिकटत नाहीत. इतके लहान गोल कर्कटकाने निघत नाहीत, स्टेन्सिल वापरा. स्टेन्सिलच्या कडेखाली जेलची शाई शिरून फरकाटा उठतो; तिच्या खालच्या बाजूला सेलोटेपचे दोन थर लावले की ती कागदापासून उचललेली राहते. गोल वाळल्यावर दर २१व्या बीला एका रंगाने आणि दर ३४व्या बीला दुसऱ्या रंगाने हलकं जोडा. कडेला एका दिशेने २१ आणि उलट दिशेने ३४ वळसे स्पष्ट दिसतात.