जलरंग शिकायचेत: पैसे रंगांवर घालावेत, ब्रशवर की कागदावर?

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली माणसं चाळिशीत पुन्हा रंगांकडे वळतात, तेव्हा दुकानात पहिला हात जातो तो रंगांच्या मोठ्या डब्याकडे. मीही आधी तोच घेतला होता. बजेट मोजकं असेल तर माझा क्रम आज नेमका उलटा आहे: आधी कागद, मग ब्रश, आणि उरलेल्या पैशात रंग. जलरंगात रंग आवरायचा म्हणजे खरं तर पाणी आवरायचं, आणि पाण्याचं पुढे काय होणार हे सर्वात जास्त कागद ठरवतो.

कार्ट्रिज पेपर स्वस्त आणि कुठेही मिळणारा. पेन्सिलीसाठी उत्तमच, पण पाणी पडलं की तो फुगतो, खळगे पडतात, त्या खळग्यांत पाणी साचून रंगाचे गडद डाग वाळतात. नवशिक्याला वाटतं, आपलाच हात बिघडलाय. महिनोन् महिने माणसं अशा कागदाशी झुंजतात आणि शेवटी जलरंग सोडून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), लाकडाच्या लगद्याचा जलरंगाचा कागद ही मधली पायरी. तो बऱ्यापैकी सपाट राहतो. शिवाय चुकलेला रंग ओल्या ब्रशने उचलता येतो, ही त्याची मोठी सोय. पण पाणी त्यावर लवकर सुकतं आणि दुसरा थर द्यायला जावं तर खालचा थर सुटू लागतो. १०० टक्के कॉटनचा कागद ओल धरून ठेवतो. तेवढ्या वेळात आकाशाची कड मऊ करता येते, वाळल्यावर थरावर थर चढतात. तो महाग पडतो आणि त्यात मुरलेला रंग सहज निघत नाही. तरीही शिकण्यासाठी मी त्याच्याच बाजूने आहे, कारण विचार करायला तो वेळ देतो. २२ × ३० इंचांचा एकच ताव घ्या आणि त्याचे आठ तुकडे करा. प्रत्येक तुकडा साडेसात बाय अकरा इंचांचा होतो. दोन्ही बाजू वापरल्या की एका तावात सोळा सराव निघतात.

हातकागद मला फार आवडतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. फक्त एक काळजी घ्यावी: पत्रिका-पिशव्यांसाठी केलेल्या कागदाला खळ कमी असेल तर तो टीपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. आधी कोपऱ्यावर एक थेंब टाकून बघावा. तो थोडा वेळ वर तरंगला तर कागद चालेल.

ब्रशमध्ये खारीच्या केसांचा की सिंथेटिक? खारीच्या केसांचा ब्रश पाणी भरपूर धरतो, मोठ्या वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या पसरट थराला, झकास. पण त्याला उसळी नसते आणि टेकवताच तो पाणी सोडतो. सिंथेटिकमध्ये पाणी कमी मावतं, पण टोक लगेच सरळ होतं, म्हणून किती पाणी सुटतंय ते हाताला कळतं. सुरुवातीला आठ किंवा दहा नंबरचा एक गोल सिंथेटिक पुरे. शून्य नंबरच्या बारीक ब्रशांच्या वाटेला इतक्यात जाऊ नका.

रंगांत वड्यांपेक्षा ट्यूब बऱ्या. वडी घासून घासून रंग काढावा लागतो, म्हणून नवशिक्यांची चित्रं फिकी राहतात. प्रवासाला मात्र वड्याच सोयीच्या. विद्यार्थी दर्जाच्या तीन ट्यूब घ्या: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना आणि एक पिवळा. पहिल्या दोघांच्या मिश्रणातून पावसाळी ढगांचे सगळे राखाडी निघतात. थॅलो ब्लू कागदात पक्का बसतो आणि उचलता येत नाही, त्याला नंतर आणा. पांढरा तर नकोच. पोस्टर कलरची ती सवय इथे मोडावी लागते, कारण जलरंगात पांढरा म्हणजे राखलेला कोरा कागद.

आणि सराव ओल्या कागदावर की कोरड्या? ओल्यावर रंग पसरताना बघणं मोहात पाडतं, पण आधी कोरडाच घ्या. ओल्याचं गणित हवेवरही अवलंबून असतं: जुलैत रत्नागिरीला वॉश कितीतरी वेळ ओला राहतो, मे महिन्यात नागपूरला बघता बघता सुकतो. म्हणून व्हिडिओतली मिनिटं मोजण्यापेक्षा कागदावरची चकाकी बघावी. ती ओसरत आली की कागदापेक्षा जास्त पाणी असलेला ब्रश त्यावर टेकवायचा नाही.

पहिला आठवडा फक्त सपाट वॉश करा. वाटीत रंग आधीच भरपूर कालवून ठेवा. बोर्डाला मागून दोन पुस्तकांचा टेकू द्या. आडवा पट्टा ओढला की त्याच्या खालच्या कडेला रंगाची टपोरी ओळ जमते. पुढचा पट्टा तिला किंचित स्पर्श करत ओढायचा, म्हणजे ती खाली उतरते. तळाला साचलेला रंग पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यायचा. तसाच राहू दिला तर तो अर्धवट वाळलेल्या भागात मागे चढतो आणि तिथे फुलकोबीसारखा डाग उमटतो.