मायोर्काची 'जीआर २२१' पायवाट: दगडकाम अव्वल, वहिवाट अपुरी

स्पेनच्या मायोर्का बेटावर लोक प्रामुख्याने समुद्रकिनाऱ्यासाठी जातात. आम्ही दोघे गेलो ते बेटाच्या वायव्य किनाऱ्यालगत पसरलेल्या सेर्रा दे त्रामुन्ताना या डोंगररांगेतली 'जीआर २२१' ही लांब पल्ल्याची पायवाट चालण्यासाठी. एप्रिल महिन्यात देइया ते पोयेन्सा हा भाग आम्ही चार दिवसांत पूर्ण केला. या वाटेवर आणि तिच्या मुक्कामाच्या सोयींवर मी मनापासून खूश आहे. पण ज्या जमिनीवरून ती जाते तिथे चालण्याचा हक्क नेमका कोणाचा, या प्रश्नावर पाहुण्याला मिळणारी माहिती फार तुटपुंजी आहे आणि या परीक्षणाचा मोठा भाग मी त्यासाठीच खर्च करणार आहे.

आधी वाटेविषयी. तिचे स्थानिक नाव 'कोरड्या दगडाची वाट' असे आहे, कारण तिच्या कडेचे गडगे, ऑलिव्हच्या उतरत्या शेतांच्या ताली आणि पायऱ्या चुना किंवा सिमेंट न वापरता निव्वळ दगडावर दगड रचून उभ्या केलेल्या आहेत. युनेस्कोने २०११ साली या डोंगररांगेला सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारशात स्थान दिले, तर २०१८ साली स्पेनसह आठ देशांतील ही रचनाकला अमूर्त वारशाच्या यादीत गेली. सोयेरजवळच्या बिनियाराइश गावातून यूकच्या मठाकडे जाणारी जुनी यात्रेकरूंची वाट एका अरुंद घळीतून वर चढते. तिथे मी बराच वेळ खाली वाकून दगड पाहत होतो. पायरीच्या काठाचे दगड आडवे न टाकता उभे रोवलेले आहेत, त्यामुळे खेचराचा खूर किंवा माणसाचा बूट घसरत नाही. आणि थोड्याथोड्या अंतरावर दगडांची एक तिरकी ओळ पावसाचे पाणी वाटेबाहेर काढून देते. खिंडीपर्यंतची चढण दमछाक करणारी असूनही पाय कुठेही सटकला नाही.

मुक्कामाची निवासे बेटाच्या प्रशासकीय परिषदेच्या व्यवस्थेतील आहेत. बंक असलेल्या सामाईक खोल्या, एकत्र जेवण आणि ओल्या बुटांसाठी वेगळी जागा, इतके साधे रूप आहे, आणि दिवसभर चाललेल्या माणसाला ते पुरेसे आहे. तोसाल्स वेर्द्सच्या निवासापर्यंत तर पायीच जावे लागते, त्यामुळे तिथली संध्याकाळ अतिशय शांत असते. जागा आधी नोंदवून ठेवणे मात्र अनिवार्य समजावे.

आता मूळ मुद्दा. या डोंगररांगेतील बहुतांश जमीन खाजगी मालकीच्या मोठ्या वाड्यांची आणि शेतमळ्यांची आहे. त्यामुळे एकाच दिवसाच्या चालीत माणूस कधी निर्विवाद सार्वजनिक वाटेवर असतो, कधी मालकाने संमती दिलेल्या वाटेवर, तर कधी वर्षानुवर्षे वादात अडकलेल्या वाटेवर, आणि पायाखालच्या दगडावरून यातला फरक कळत नाही. पोयेन्साजवळच्या तेर्नेयेस मळ्यातून राजाच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेचा वाद प्रसिद्ध आहे. तिथे आधी परवानगी काढावी लागते. मासानेया शिखराच्या नेहमीच्या वाटेवर खाजगी जमिनीतून जाण्यासाठी काही युरो मोजावे लागतात. सर्वांत उंच पुइग माजोरच्या माथ्यावर लष्करी तळ असल्याने तो तर बंदच आहे.

वाल्देमोसा आणि देइया यांच्यामधल्या डोंगराची गोष्ट मला सर्वांत जास्त लागून राहिली. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक (राजघराण्यातील राजपुत्र) लुडविग साल्वाटोर याने १८७२ साली इथली मिरामार ही मालमत्ता विकत घेतली, पुढे आसपासची जमीन जोडत नेली, दृश्य पाहण्यासाठी कड्यावर सज्जे आणि वाटा बांधल्या, आणि येणाऱ्या वाटसरूंना तीन दिवस विनामूल्य राहण्याची सोय केली. त्याच वाटेच्या काही भागावर आता दिवसाला ठरावीक लोकांनाच, तेही आगाऊ नोंदणी करून, प्रवेश मिळतो. आमच्या तारखा आयत्या वेळी ठरल्यामुळे आम्ही तो टप्पा वगळून देइयाहून सुरुवात केली. संख्येवरील मर्यादेला माझा विरोध नाही, कारण सुट्टीच्या हंगामात त्या कड्यावर होणारी गर्दी जमिनीला खरोखर सोसवत नाही. पण ती मर्यादा खाजगी मालकांनी नव्हे, तर सार्वजनिक यंत्रणेने ठरवावी, असे मला ठामपणे वाटते.

माझी स्वतःची फजिती मुख्य वाटेवर नाही, तर एका आडवाटेवर झाली. फोनवरच्या नकाशात समुद्राकडे उतरणारी रेघ स्पष्ट होती. पाऊण तास चालल्यावर साखळीने बंद केलेले फाटक आणि गडग्यावर ताणलेली तार लागली. आतल्या माणसाने सौम्य शब्दांत परत जायला सांगितले आणि आम्ही वळलो. फाटकाच्या अलीकडचे आणि पलीकडचे दगड एकाच हाताने बसवलेले दिसत होते. वाट आधीची आणि फाटक नंतरचे, हे पाहताक्षणी कळत होते, पण ते सिद्ध कोण करणार?

मालकांची बाजूही मी पाहिली आहे. आमच्या पुढे चालणारी एक तुकडी फाटक सताड उघडे टाकून गेली, आणि आम्ही पोहोचेपर्यंत मेंढ्या वाटेवर आल्या होत्या. मोकळे सोडलेले कुत्रे आणि उन्हाळ्यातली आग, या दोन्हींची भीती रास्त आहे. जिथे गडग्यावरून चढून जाण्यासाठी पायऱ्या बांधल्या आहेत तिथे फाटक उघडण्याचा प्रश्नच येत नाही; हा उपाय स्वस्त आहे आणि तो आणखी ठिकाणी व्हायला हवा.

शेजारच्या मेनोर्का बेटाने हा प्रश्न धीटपणे सोडवला. २००० साली तिथल्या 'घोड्यांच्या वाटे'साठी स्वतंत्र कायदा झाला, त्याने जनतेचा जाण्या-येण्याचा हक्क मान्य केला, आणि २०१० साली बेटाला वळसा घालणारी सुमारे १८५ किलोमीटरची ती वाट पुन्हा खुली झाली. मायोर्का आणि मेनोर्काच्या सार्वजनिक वाटांसाठी डिसेंबर २०१८ मध्येही कायदा झाला आहे, पण कागदावरची वहिवाट प्रत्येक फाटकापर्यंत पोहोचलेली मला दिसली नाही.

जाणाऱ्यांनी लाल-पांढऱ्या खुणा आणि लाकडी दिशादर्शक सोडून फोनवरच्या रेघेच्या मागे लागू नये. आदल्या संध्याकाळी निवासाच्या व्यवस्थापकाला पुढच्या दिवसाचा नकाशा दाखवावा आणि कोणते फाटक उघडे आहे ते विचारून घ्यावे. आम्ही तिसऱ्या दिवसापासून तसे केले आणि त्यानंतर एकदाही मागे फिरावे लागले नाही.