शितावरून भात ओळखायला गेलो

"लॅपटॉपचे जुने सेल, टेस्टेड, २३०० च्या वर गॅरंटी, ७५ रुपये नग." या ओळीखाली एक व्हिडिओ होता. टेबलावर सूर्यफुलांचं मेणकापड, त्यावर चार घरांचा चार्जर आणि पडद्यावर क्षमतेचा आकडा २३८७ मिलिअँपिअर-अवर (एमएएच). सायकलला ३६ व्होल्ट, २५० वॅटची हब मोटर मी आधीच बसवून ठेवली होती. घरापासून कामाचं ठिकाण, कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी, ९ किलोमीटर. राहिली होती ती बॅटरी, आणि नवा अस्सल १८६५० मापाचा लिथियम-आयन सेल मला अडीचशेच्या खाली कुणी देत नव्हतं.

मी अगदीच भाबडा नव्हतो हो. आधी ४ सेल नमुन्याला मागवले. गुलाबी स्लीव्हचे (वरचं प्लास्टिकचं आवरण), २६०० एमएएचचे सॅमसंग. घरच्या टेस्टरवर पूर्ण चार्ज करून अर्ध्या अँपिअरने उतरवले, तर चारही २३०० च्या पुढे. मग ४४ ची ऑर्डर दिली, ३३०० रुपये यूपीआयने आगाऊ. बिल मागितलं तर "कच्चं देतो" म्हणाला. तेही चालवून घेतलं.

खोका आला. मल्टिमीटर घेऊन एकेक सेल तपासला, सगळे ३.७ व्होल्ट. मी खूश! आणि इथेच माती खाल्ली. व्होल्टेज म्हणजे भांड्यातल्या पाण्याची उंची. भांडं हंडा आहे की लोटा, हे उंचीवरून कळत नाही. मेलेला सेलही आदल्या दिवशी चार्ज करून पाठवला की ३.७ दाखवतो. क्षमता मोजायला एका सेलला पाच-सहा तास लागतात, माझ्याकडे एका वेळी चारच बसतात, म्हणजे अकरा फेऱ्या. नमुना चांगला निघाला होता, मग कशाला एवढा कुटाणा, असं म्हणून स्पॉट वेल्डर काढला. दहा ग्रुप सिरीजमध्ये, प्रत्येकात चार सेल पॅरलल. निकेल पट्टी, इन्सुलेशनचा बार्ली पेपर, बीएमएस (व्होल्टेजवर नजर ठेवून गरज पडली की पॅक बंद करणारं सर्किट), वरून स्लीव्ह. दोन रात्री गेल्या, पण पॅक दिसायला देखणा झाला होता.

हिशेबाने ३३० वॅट-अवर. पॅडल मारत गेलं तर ३० किलोमीटर आरामात. पहिल्याच दिवशी परत येताना पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडे मोटर गप्प. जेमतेम १४ किलोमीटर झाले होते. घरी येऊन प्रत्येक ग्रुपच्या बॅलन्स वायरवर मोजलं तर नऊ ग्रुप ३.५ च्या आसपास आणि सातवा २.७. बीएमएसने बरोबर तोडलं होतं. पण बीएमएसला फक्त ग्रुपचं व्होल्टेज दिसतं, आतले चार सेल त्याच्या लेखी एकच. त्यातला एक गळका निघाला तर तो शेजारच्या तिघांनाही रिकामं करत बसतो आणि याला पत्ता नसतो.

एवढं समजूनही मी रात्री पॅक जिन्याखाली चार्जिंगला लावला. सगळे ग्रुप एकसारखे भरतील, म्हणजे बॅलन्स होतील, ही आशा. अकराच्या सुमारास बायको म्हणाली, "अहो, नेलपॉलिश सांडलंय का कुठं? वास येतोय." घरात नेलपॉलिश नव्हतंच. गोडसर, डोक्यात जाणारा तो वास इलेक्ट्रोलाइटचा. पॅक हातात घेतला तर एका बाजूने चांगलाच गरम. प्लग ओढला, पॅक पत्र्याच्या बादलीत ठेवून गच्चीवर नेला आणि रात्रभर लांब खुर्ची टाकून बसलो. जिन्याखाली आमचा भरलेला सिलिंडर असतो, हे मला खुर्चीत बसल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढून एकेक गुलाबी स्लीव्ह ब्लेडने फाडली. खाली दुसरी स्लीव्ह, फाटकी, हिरवट. ऋण टोकाला जुन्या वेल्डिंगच्या खुणा घासून पुसलेल्या, बोटाला खरखरीत लागत होत्या. धन टोकाची पांढरी चकती मात्र कोरी करकरीत, आणि तिच्याखाली गंजाचं कडं. सातव्या ग्रुपमधल्या एकाच्या कडेनं तपकिरी ओघळ. चाळीसच्या चाळीस सेलवर छापलेला कोड एकच होता. लॅपटॉप वेगवेगळे आणि कोड एक, हे खोका उघडतानाच दिसायला हवं होतं.

गुजरीत मित्राचं सोनाराचं दुकान आहे, त्याच्या काट्यावर सगळे ठेवले. नमुन्याचे ४६ ग्रॅमच्या वर, पॅकमधले २९ सेल ४४ ते ४६ आणि उरलेले ११ जेमतेम ३७. तो म्हणाला, "भावा, ह्यात घट लय आहे की!" ते ११ सेल क्षमतेत ६०० च्या पुढे गेले नाहीत. बाकीचे ९०० ते १५००.

विक्रेत्याला फोटो पाठवले. "बीएमएस खराब असेल." मग "वेल्डिंग करताना तुम्ही सेल तापवले." शेवटी हिंदीत, "भाईसाब, वेल्ड किया हुआ माल वापस नहीं होता." त्यानंतर प्रोफाइलवरचा फोटो गायब. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पण कच्चं बिलही हातात नाही.

तुम्ही घेणारच असाल तर नमुना त्याला निवडू देऊ नका. खोका आल्यावर मधूनच दहा सेल उचला, वजन करा, एकाची स्लीव्ह फाडून बघा. मग प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरून दोन आठवडे नुसता ठेवा. जो ४.१ च्या खाली घसरला तो बाद. क्षमता आणि अंतर्गत रोध त्यानंतर. एवढा वेळ नसेल तर तयार पॅक घ्या, बिलासकट. रात्रीचं चार्जिंग तर नकोच, निदान माझ्यासारखं जिन्याखाली तरी नको.

सगळ्या सेलच्या टोकांना टेप लावून ते गच्चीवर वाळूच्या बादलीत ठेवलेत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते घरच्या कचऱ्यासोबत घंटागाडीत टाकता येत नाहीत, जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या किंवा रिसायकल करणाऱ्यांकडे द्यावे लागतात.

परवा कामावरच्या एका पोराने व्हिडिओ पाठवला, "दादा, तुम्हाला सेल पाहिजे होते ना? इथं ६० ला आहेत." नाव वेगळं, नंबर वेगळा. टेबलावर सूर्यफुलांचं तेच मेणकापड, चार्जरवर २३८७.